टेंडर एकदाच, कामं पाच वर्षं: अमेरिकेच्या लष्करी तळांवरचे लवचीक करार

सैनिकांच्या बराकीतलं दुसऱ्या मजल्यावरचं सामाईक न्हाणीघर. फरशी ठिकठिकाणी पोकळ वाजते, आठपैकी तीन कमोड बुडातून गळतात आणि खालच्या मजल्याच्या छतावर तपकिरी डाग पसरत चालले आहेत. काम पंचवीस हजार डॉलरच्या आतबाहेरचं. पण त्याचं स्वतंत्र टेंडर काढायचं तर आधी नकाशे आणि तपशील तयार करा, जाहिरात द्या, कंत्राटदारांना जागा दाखवा, प्रश्नांना उत्तरं द्या, बोली उघडा, छाननी करा, मग करार. यात सहज काही महिने जातात. तोवर गळती सुरूच राहते, आणि ज्या फरशीखाली नुसती ओल होती तिथे आता लाकूड कुजलेलं असतं. एका तळावर शेकडो इमारती असतात आणि वर्षभरात अशी शेकडो कामं निघतात. प्रत्येकासाठी टेंडर काढायचं म्हटलं तर खरेदी विभागाला दुसरं काही करायलाच नको.

यावरचा उपाय साधा आहे. ‘कोण करणार आणि दर कसा ठरणार’ हा प्रश्न एकदाच, उघड स्पर्धेतून सोडवून ठेवायचा. ‘नेमकं काय करायचं’ हे गरज पडेल तेव्हा, कामागणिक ठरवायचं. अमेरिकी लष्करात बांधकामाचे जे लवचीक करार आहेत, त्या सगळ्यांच्या मुळाशी हीच विभागणी आहे.

महाराष्ट्रातल्या सरकारी कंत्राटदाराला ही कल्पना परकी वाटायला नको. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ टेंडरमध्ये दर आधीच छापलेले असतात, आपण फक्त ‘इतके टक्के अबाव’ किंवा ‘बिलो’ भरतो. खडकी, देहूरोड, देवळालीसारख्या छावण्यांची देखभाल करणाऱ्या मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसची, म्हणजे एमईएसची, टर्म कॉन्ट्रॅक्टंही याच घराण्यातली. छापील दरसूचीवर टक्केवारी ठरते आणि मुदतीत लागतील तसे कार्यादेश निघत राहतात. अमेरिकी पद्धत त्याच वाटेने जाते, फक्त तिचे नियम आणि खाचखळगे वेगळे आहेत. तिकडे एस्टिमेटर किंवा प्रोजेक्ट इंजिनिअर म्हणून काम करणाऱ्यांना ते माहीत असणं भाग आहे.

किमान आणि कमाल

या करारांचं मूळ नाव आयडीआयक्यू. अर्थ असा की काम कधी द्यायचं हेही अनिश्चित आणि किती द्यायचं हेही अनिश्चित. अमेरिकी केंद्र सरकारच्या खरेदी नियमावलीचा, म्हणजे ‘फार’चा, १६.५ हा उपभाग यासाठी आहे. करारात मुदत लिहिलेली असते, बहुधा एक पायाभूत वर्ष आणि पुढे चार वर्षं वाढवण्याचा पर्याय. कामाचा प्रकार आणि भौगोलिक हद्द लिहिलेली असते. आणि दोन रकमा असतात: किमान आणि कमाल.

कमाल रक्कम डोळ्यांत भरते. पाच कोटी, पन्नास कोटी डॉलर. नव्या कंत्राटदाराची पहिली चूक इथेच होते. तो ही रक्कम मिळालेलं काम समजतो, त्या भरवशावर माणसं घेतो, गोदाम भाड्याने घेतो, बँकेत जातो. खरं तर सरकार बांधलेलं असतं ते फक्त किमान रकमेला, आणि ती कित्येकदा काही हजार डॉलरच असते. तेवढ्या कामाची ऑर्डर दिली की सरकारची जबाबदारी संपली. पुढची सगळी कामं सोबतच्या कंत्राटदारांना गेली तरी तक्रारीला जागा राहत नाही.

मग किमान रक्कम ठेवतातच कशाला? कारण दोन्ही बाजूंनी काहीतरी देणं-घेणं असल्याशिवाय करार कायद्यात टिकत नाही. ‘वाटलं तर काम देऊ’ एवढ्यावर कुणालाही बांधता येत नाही. म्हणून नियम सांगतो की किमान रक्कम नाममात्र असता कामा नये, आणि ती करार करतानाच बाजूला काढून ठेवावी लागते.

करार एकाशी केला तर त्याला सॅटॉक म्हणतात, अनेकांशी केला तर मॅटॉक. १९९४ च्या खरेदी सुधारणा कायद्यापासून कल अनेकांकडे आहे, म्हणजे शक्यतो एकालाच धरून बसू नये. मॅटॉकमध्ये समजा सहा कंपन्या निवडल्या. एखादं काम निघालं की साऱ्या सहा जणांना ‘न्याय्य संधी’ द्यावी लागते. जाहीर स्पर्धा पुन्हा करावी लागत नाही, पण आपापसातली छोटी स्पर्धा होते. जागा दाखवणं, दोन-तीन आठवडे, दर, आणि गरजेप्रमाणे वेळापत्रक किंवा कामाची पद्धत. या नियमाला अपवाद थोडे आहेत: काम खरोखर तातडीचं असणं, ते एकालाच जमणारं असणं, आधीच्या ऑर्डरचाच पुढचा टप्पा असणं, एखाद्याची किमान रक्कम भरायची राहिलेली असणं. कोणताही अपवाद वापरला तरी कारण लेखी नोंदवावं लागतं.

ऑर्डर हुकलेल्या कंपनीला दाद मागण्याची वाट अरुंद आहे. कोट्यवधी डॉलरच्या ठरावीक मर्यादेखालच्या ऑर्डरवर औपचारिक हरकत घेता येत नाही. ‘हे काम मूळ कराराच्या व्याप्तीत, मुदतीत किंवा कमाल रकमेतच बसत नाही’ असा मुद्दा असेल तरच दार उघडतं. बाकीच्यांनी लोकपालाकडे जायचं. ऑर्डरी लवकर निघतात त्यामागे हे मोठं कारण आहे. त्याची किंमत कंत्राटदार मोजतात, म्हणून मूळ करारात शिरण्याची स्पर्धा एवढी अटीतटीची होते.

दरपुस्तक आणि गुणक

दुरुस्तीच्या छोट्या कामांना दरवेळी सहा जणांत स्पर्धा लावणंही परवडत नाही. त्यासाठी जॉब ऑर्डर कॉन्ट्रॅक्टिंग, म्हणजे जेओसी, आहे. या पद्धतीचा उगम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये झाला. तिथल्या नाटोच्या लष्करी मुख्यालयात दुरुस्त्यांचा ढीग साचला होता आणि अमेरिकी लष्करातले अभियंता अधिकारी हॅरी मेलन यांनी त्यावर ही तोड काढली. पुढे ती अमेरिकेतल्या तळांवर आली आणि नंतर शहरं, शाळा, विद्यापीठांपर्यंत गेली. वायुदलाने आपल्या आवृत्तीला ‘सेबर’ हे नाव दिलं.

पद्धत अशी. करारासोबत एक जाडजूड दरपुस्तक असतं, त्यात हजारो बाबी. अमुक जाडीचा जिप्सम बोर्ड प्रति चौरस फूट इतका, अमुक व्यासाची तांब्याची नळी प्रति फूट इतकी. यात साहित्य, मजुरी आणि यंत्रसामग्रीचा थेट खर्च धरलेला असतो. आरएस मीन्स हे त्यातलं सर्वांत माहितीतलं दरपुस्तक. कंत्राटदार एकच आकडा बोलीत देतो, गुणक. कार्यालयाचा खर्च, नफा, विमा, हमीपत्राची फी, तळावरचं तात्पुरतं ऑफिस, किरकोळ रेखाटनं, सगळं त्या गुणकात बसवायचं. रात्रपाळीच्या आणि सुटीच्या दिवसांच्या कामाला बहुधा वेगळा, चढा गुणक असतो.

आपलं न्हाणीघर घेऊ. आकडे फक्त समजण्यापुरते. जुनी फरशी काढणं ६०० चौरस फूट, दर ३.५० डॉलर: २,१००. नवी फरशी ६०० चौरस फूट, दर १४: ८,४००. आठ कमोड, प्रत्येकी १,१५०: ९,२००. डबराचे तीन कंटेनर, प्रत्येकी ६५०: १,९५०. बेरीज २१,६५० डॉलर. दरपुस्तक राष्ट्रीय सरासरीचं असेल तर त्याला त्या गावाचा निर्देशांक लावायचा. समजा ०.९२, म्हणजे १९,९१८. त्यावर गुणक १.१८. ऑर्डरची किंमत २३,५०३ डॉलर आणि वर काही सेंट.

हिशेब सरळ दिसतो, आणि तो सरळ दिसतो म्हणूनच सावध राहायला हवं. गुणक सगळ्यांना दिसतो. बोली उघडताना त्याच्याच तीन दशांश स्थळांवर चर्चा होते. पण पैसा हलतो तो बाबींची निवड आणि परिमाणं यांत. नवी फरशी बसवण्याच्या दरात चिकट आणि सांध्यांतलं ग्राउट धरलेलं असतं. प्रस्तावात ‘ग्राउटिंग’ची वेगळी ओळ दिसली, तर तो पैसा दुसऱ्यांदा मागितलेला आहे. दरपुस्तकात छोट्या कामांसाठी ‘किमान मजुरी आकार’ अशा ओळी असतात. त्या एखाद-दुसऱ्या नळाच्या कामासाठी आहेत, आठ कमोडच्या कामात त्यांना जागा नाही. मचाणाची ओळ लावलीय आणि छत नऊ फुटांवर. डबराचा हिशेब पोकळ आकारमानाने धरलाय की घट्ट, हेही पाहावं लागतं.

म्हणून निवड करताना फार खाली आलेला गुणक पाहून हुरळून जाऊ नये. ०.८५ च्या गुणकात प्रामाणिक कंत्राटदाराचा थेट खर्चही निघत नाही. मग तो एकतर परिमाणं फुगवतो, किंवा उपकंत्राटदाराला पिळतो, किंवा दुसऱ्या वर्षी परवडणाऱ्या ऑर्डरीच तेवढ्या उचलतो. गुणक थोडा चढा आणि बाबी स्वच्छ, असा प्रस्ताव सरकारला शेवटी स्वस्त पडतो. करार देणाऱ्या कार्यालयात ही गोष्ट कितीही वेळा सांगावी लागली तरी सांगायला हवी.

दरपुस्तकात नसलेल्या बाबीही निघतात, आपल्याकडच्या एक्स्ट्रा आयटमसारख्या. त्यांच्यासाठी बाजारातले दर मागवून वाटाघाट करावी लागते, आणि ऑर्डरमध्ये त्यांचा वाटा ठरावीक टक्क्यांच्या आत ठेवण्याची शिस्त असते. त्यांचा वाटा वाढू लागला की समजावं, काम चुकीच्या करारातून चाललंय. आपण ज्या स्पर्धेचा दाखला देतोय, ती या बाबींवर झालेलीच नाही.

आणखी एक धोका काळाचा. दरपुस्तक ठरल्या वेळी नवं होतं, बाजार रोज हलतो. २०२१ मध्ये लाकूड आणि पोलाद यांचे भाव काही महिन्यांत असे भडकले की जुन्या पुस्तकावर घेतलेल्या ऑर्डरी अंगाशी आल्या. पुस्तकाची कोणती आवृत्ती कोणत्या तारखेपासून लागू, हे एक वाक्य करारात नीट वाचावं.

जागेवरचा एक तास

लवचीक करारात सगळ्यांत मोलाचा वेळ म्हणजे संयुक्त पाहणीचा. सरकारी अभियंता, कंत्राटदाराचा एस्टिमेटर, इमारतीचा व्यवस्थापक आणि गरज असेल तर सुरक्षा व पर्यावरण विभागाचा माणूस, सगळे एका वेळी जागेवर हवेत. मूळ करारात नकाशे नसतात. त्यामुळे या तासात जे दिसलं आणि लिहिलं गेलं, तेच कामाचं स्वरूप ठरतं. करार लवचीक आहे म्हणून व्याप्तीही सैल ठेवली की पुढचे सगळे वाद तिथूनच उगवतात.

न्हाणीघरात उभं राहून काय पाहायचं? फरशी ठोकून पोकळ भाग खडूने आखायचा आणि मोजायचा. ओल मोजायचं यंत्र भिंतीच्या पायथ्याला लावायचं. खालच्या मजल्यावर जाऊन छताचा एक पॅनेल उचलायचा आणि डागाच्या नेमकं वर काय आहे ते पाहायचं. गळती कमोडच्या बुडाची आहे की निचऱ्याच्या नळीच्या सांध्याची, हे तिथेच कळतं. कमोडखालची पकड, म्हणजे फ्लँज, गंजलेली असेल तर नुसता कमोड बदलून गळती थांबणार नाही. पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह शोधायचा आणि तो फिरतो का ते पाहायचं. न फिरणारा व्हॉल्व्ह म्हणजे एका खोलीसाठी साऱ्या इमारतीचं पाणी तोडणं, आणि त्याची सूचना तळाला काही दिवस, कित्येकदा दोन-तीन आठवडे, आधी द्यावी लागते.

इमारत १९८० च्या आधीची असेल तर फरशीखाली काय आहे हा प्रश्न विचारलाच पाहिजे. वरची सिरॅमिक टाइल काढताना खाली नऊ इंच चौरसाच्या जुन्या विनाइल टाइल आणि त्यामागे काळं डांबरी चिकट निघालं, तर ॲस्बेस्टॉसचा संशय घेऊन काम तिथेच थांबवायचं. नमुने प्रयोगशाळेत जातात, परवानाधारक पथक येतं, खोली बंद करून काढणी होते. तेवीस हजारांचं काम दुप्पट होतं आणि सहा आठवड्यांनी लांबतं. पाहणीच्या वेळी एका कोपऱ्यात छोटं छिद्र पाडून नमुना घेतला असता, तर हे ऑर्डर निघण्याआधीच कळलं असतं. जुन्या रंगातल्या शिशाचंही तसंच.

मग बाकीचं लिहून काढायचं. सैनिक तिथे राहतच असतील का? असतील तर एका वेळी किती कमोड बंद ठेवता येतील? आवाजाचं काम कोणत्या वेळात? कंटेनर कुठे उभा राहील? कामगारांना तळावर शिरायचा पास मिळायला किती दिवस लागतात? वेल्डिंग-कटिंगसाठी आगीचा परवाना, जमीन खणायची असेल तर खणण्याचा परवाना. आणि ‘यात काय धरलेलं नाही’ हेही वेगळं लिहायचं. ‘कॉरिडॉरची रंगरंगोटी समाविष्ट नाही’ ही एक ओळ पुढची चार पत्रं वाचवते.

पाहणीनंतर कंत्राटदार ओळवार प्रस्ताव देतो. सरकारी अभियंत्याने तोवर आपला स्वतंत्र अंदाज तयार केलेला असला पाहिजे, कंत्राटदाराचा कागद पाहण्याआधी. उलट क्रमाने केलेला अंदाज म्हणजे त्याच कागदाची नक्कल. वाटाघाट परिमाणांवर आणि ओळींवर होते, गुणकावर होत नाही, तो ठरलेला आहे. जमलं की ठोक किमतीची ऑर्डर निघते. एकदा ठोक ठरली की प्रत्यक्षात फरशी ५८० फूट भरली काय आणि ६१० भरली काय, किंमत तीच राहते. आपल्याकडे मेजरमेंट बुकात नोंदवून मापावर बिल काढायची सवय असलेल्यांना हा फरक सुरुवातीला जड जातो.

पैसा कोणत्या शीर्षाखालचा

करार आहे, कंत्राटदार तयार आहे, तरीही ऑर्डर अडते, आणि बहुतेक वेळा ती लेखाशीर्षावर अडते. अमेरिकी संसद लष्करी बांधकामाला वेगळा निधी देते, तो पाच वर्षं वापरता येतो. रोजच्या देखभालीचा निधी वेगळा, त्याची मुदत एका आर्थिक वर्षाची, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत. दुरुस्ती देखभालीच्या निधीतून करता येते. नवं बांधकाम त्यातून करायचं तर रकमेची कडक मर्यादा आहे.

म्हणून ‘दुरुस्ती’ कशाला म्हणायचं याला फार महत्त्व आहे. कायद्यानुसार इमारत, तिची यंत्रणा किंवा भाग पुन्हा ठरल्या कामासाठी नीट वापरता येईल अशा स्थितीत आणणं ही दुरुस्ती. इमारतीचा बाहेरचा आकार न वाढवता तिचा वापर बदलणंही दुरुस्तीत बसतं, उदाहरणार्थ जुन्या गोदामाचं आतल्या आत कार्यालय करणं. भिंत आठ फूट बाहेर सरकवली की ते बांधकाम. छप्पर गळतं म्हणून नव्या नियमांना धरून नवं छप्पर घालणं ही दुरुस्ती, पण त्याच ओघात एक खोली वाढवली तर त्या खोलीचा पैसा बांधकामाच्या शीर्षातून यायला हवा. मर्यादेत बसवण्यासाठी एका कामाचे तीन तुकडे करून तीन ऑर्डरी काढणं हा सरळ कायदेभंग आहे. चुकीच्या शीर्षातून खर्च केल्याचं उघड झालं तर संबंधित अधिकाऱ्यांवर चौकशी येते आणि प्रकरण संसदेपर्यंत कळवावं लागतं. लवचीक करारात असे तुकडे पाडणं सोपं जातं, म्हणून इथे जागरूकता जास्तच हवी.

३० सप्टेंबर म्हणजे तिकडचा मार्चएंड. उरलेला निधी परत जाऊ नये म्हणून सप्टेंबरात ऑर्डरींचा पाऊस पडतो. आधीपासून पाहणी झालेली, किंमत ठरलेली कामं फडताळात तयार असतील तर हा पैसा चांगल्या कामांना लागतो. नसतील तर दोन दिवसांत खरडलेल्या व्याप्तीवर ऑर्डर निघते आणि पुढचं वर्ष ती निस्तरण्यात जातं. शहाणी कार्यालयं एप्रिल-मेमध्येच पाहण्या उरकून ठेवतात.

काम सुरू झाल्यावर

छोट्या ऑर्डरीलाही संघीय नियम पूर्ण लागतात. दोन हजार डॉलरच्या वरच्या बांधकामाला १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्यानुसार त्या भागातली ठरवलेली मजुरी द्यावी लागते आणि दर आठवड्याला सही केलेलं हजेरी-पगारपत्रक सादर करावं लागतं. काम ठरावीक रकमेच्या वर गेलं की मिलर कायद्याप्रमाणे काम पूर्ण करण्याची आणि उपकंत्राटदारांची देणी भागवण्याची, अशी दोन हमीपत्रं लागतात. इथे छोट्या कंपन्या अडकतात. हमी देणारी कंपनी एकूण किती कामाला पाठीशी उभी राहील याला हद्द असते. एकाच वेळी सात ऑर्डरी घेतल्या की ती हद्द संपते आणि आठवी, कदाचित सर्वांत चांगली, ऑर्डर सोडावी लागते. लहान उद्योगांसाठी राखीव करारात आणखी एक अट असते. सर्वसाधारण बांधकामात सरकारकडून मिळालेल्या रकमेपैकी ८५ टक्क्यांहून जास्त पैसा बाहेरच्या, राखीव गटात न बसणाऱ्या उपकंत्राटदारांकडे जाऊ शकत नाही, विशेष कारागिरीच्या कामात ७५ टक्के.

सुरक्षेसाठी लष्कराच्या अभियंता दलाची ईएम ३८५-१-१ ही नियमपुस्तिका. अपघात-प्रतिबंध योजना मंजूर झाल्याशिवाय काम सुरू होत नाही आणि प्रत्येक प्रकारच्या कामासाठी धोक्यांचं वेगळं पत्रक लागतं. गुणवत्ता तपासणी तीन टप्प्यांची. काम सुरू होण्याआधी साहित्य, नकाशे, परवाने पाहायचे. पहिला नमुना झाला की तो सर्वांनी मिळून तपासायचा. मग रोजची नजर. न्हाणीघरात पहिला टप्पा म्हणजे जलरोधक थराचं मंजूर साहित्य जागेवर आलंय का. दुसरा म्हणजे पहिल्या चार-पाच चौरस फुटांवर उतार निचऱ्याकडे आहे का, हे पाणी ओतून पाहणं. सगळी खोली झाल्यावर उतार उलटा निघाला तर पुन्हा सगळी फरशी उखडावी लागते, आणि तो खर्च कंत्राटदाराचा.

मग एक प्रसंग येतोच. इमारतीचा व्यवस्थापक सकाळी येऊन म्हणतो, “तुम्ही इथे आहातच, तर हा कॉरिडॉरही रंगवून टाका.” माणूस भला, मागणी रास्त, आणि रंगारी रिकामा उभा. तरी हात लावू नये. सरकारच्या वतीने पैशाचं वचन द्यायचा अधिकार फक्त करार अधिकाऱ्याला आहे, आणि त्याच्याकडे त्याचं लेखी अधिकारपत्र असतं. व्यवस्थापकाला तो नाही, जागेवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्रतिनिधीलाही नाही. रंगवून झाल्यावर पैसे मागितले तर उत्तर मिळतं, ऑर्डरमध्ये नाही. बरोबर रीत अशी: त्याच दिवशी लेखी कळवायचं, छोटा प्रस्ताव द्यायचा, बदलाची ऑर्डर हातात आली की रंगवायचं.

जमिनीखाली किंवा भिंतीत अनपेक्षित काही निघालं तरी तोच नियम. नऊ इंची टाइल दिसताच फोटो, काम बंद, जागा तशीच ठेवून करार अधिकाऱ्याला तातडीने लेखी सूचना. आधी उखडून मग कळवलं तर दावा कमकुवत होतो, कारण सरकारला मूळ स्थिती पाहायची संधीच मिळाली नाही.

पैसे मात्र वेळेवर मिळतात, आणि ही या व्यवस्थेची मोठी जमेची बाजू आहे. बांधकामाचं नीट सादर केलेलं प्रगती-बिल आलं की १४ दिवसांत रक्कम देणं बंधनकारक, उशीर झाला तर व्याज. कंत्राटदाराच्या खात्यात पैसे आल्यापासून ७ दिवसांत ते उपकंत्राटदाराला जायला हवेत. आपल्याकडे बिलाच्या मागे वर्षभर हेलपाटे घालणाऱ्या छोट्या ठेकेदारांना हे वाचून हेवा वाटेल. हा नियम आपल्याकडेही त्याच कडकपणे हवा, असं मनापासून वाटतं.

वादळ आणि प्रयोग

लवचीक करार आधीच हाताशी का असावा, हे आपत्तीत कळतं. १० ऑक्टोबर २०१८ ला मायकेल चक्रीवादळ फ्लोरिडातल्या टिंडल वायुदल तळावर आदळलं आणि तळावरच्या जवळपास प्रत्येक इमारतीचं नुकसान झालं. अशा वेळी पहिल्या आठवड्यात ताडपत्र्या, पाणी उपसणं, जनित्रं, मोडतोड हलवणं हे लागतं, टेंडर काढायला उसंत नसते. करार असेल तर ऑर्डर काही दिवसांत निघते. पण वादळानंतर त्या भागात पत्रे मिळत नाहीत, सुतार मिळत नाहीत, हॉटेलात खोली मिळत नाही. शांत काळातल्या दरपुस्तकावर आणि ठरलेल्या गुणकावर तेव्हा कुणालाच परवडत नाही. चांगल्या करारात आपत्तीसाठी वेगळी दररचना आधीच लिहून ठेवलेली असते.

याहून मोकळी वाट ‘अदर ट्रान्झॅक्शन’ करारांची. यांना ‘फार’ची चौकट लागत नाही. नवं तंत्र आजमावायला ते काढलेले आहेत, आणि त्यात बिगर-पारंपरिक कंपनीचा ठळक सहभाग किंवा खर्चाचा एक तृतीयांश वाटा खासगी बाजूने उचलणं, अशा अटी असतात. टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिसवर काँक्रीटची त्रिमितीय छपाई करून उभ्या केलेल्या बराकी हे लष्करी बांधकामातल्या नव्या तंत्राचं डोळ्यांसमोरचं उदाहरण. असं काही पहिल्यांदा करून पाहायचं तर हा मार्ग योग्य. गळक्या कमोडसाठी तो नाही, आणि स्पर्धा टाळायची पळवाट म्हणून तर मुळीच नाही.

ऑर्डर बंद करताना

काम संपलं की अंतिम तपासणी, राहिलेल्या त्रुटींची यादी, ती पुरी झाल्यावर ताबा. त्यानंतर एक वर्ष दोषदायित्व. हे वर्ष कोणत्या तारखेला सुरू झालं ते ताब्याच्या कागदावर लिहिलेलं असायला हवं, कारण सैनिक आधीच वापरायला लागलेले असतात आणि पुढे तारखेवरून वाद होतो. मालमत्तेत भर पडली असेल तर डीडी १३५४ या फॉर्मवर ती तळाच्या मालमत्ता नोंदवहीत जाते. ही नोंद राहिली तर पुढच्या वर्षी त्या यंत्रणेच्या देखभालीला निधीच धरला जात नाही.

शेवटचा कागद प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या नकाशाचा, आणि तोच सर्वांत जास्त वेळा राहून जातो. कंत्राटदाराची माणसं दुसऱ्या ऑर्डरवर गेलेली असतात, सरकारी अभियंत्यापुढे पुढची पाहणी असते. नकाशा हातात येईपर्यंत शेवटच्या बिलातली थोडी रक्कम अडवून ठेवावी. न्हाणीघराच्या नकाशावर तीन गोष्टी हव्यात: नवा व्हॉल्व्ह कुठे बसवला, निचऱ्याची नळी कुठून वळवली, आणि ॲस्बेस्टॉस कुठपर्यंत काढला व भिंतीखाली कुठे तसाच झाकून ठेवला. चार वर्षांनी शेजारच्या खोलीची ऑर्डर निघेल तेव्हा एस्टिमेटर पाहणीला येताना हाच कागद मागेल.